मॉडरेशनमुळे माणसं गप्प होतात की बोलायला लागतात?

कोरा_कागद

एका दीर्घ आजाराच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी असलेल्या मोठ्या ऑनलाइन गटाचं मॉडरेशन, म्हणजे कुठली पोस्ट ठेवायची आणि कुठली काढायची हे बघण्याचं काम, मी बरीच वर्षं करते आहे. पोस्ट काढली की "ही मुस्कटदाबी आहे" आणि नाही काढली की "मॉडरेटर झोपलेत का?" ही दोन्ही वाक्यं मला रोजची झाली आहेत. दोन्ही बोलणारे मनापासून चिडलेले असतात आणि दोघांच्याही चिडण्यात तथ्य असतं. म्हणून हा विषय इथे नीट बोलावासा वाटला.

नियम जितके कडक तितका सहभाग कमी, असं बहुतेक जण गृहीत धरतात. माझा अनुभव तसा नाही, आणि याला आधार देणारा एक चांगला प्रयोगही आहे. रेडिट या चर्चा-संकेतस्थळावर विज्ञानाच्या चर्चेचा एक प्रचंड मोठा गट आहे, प्रयोगाच्या वेळी त्याचे १ कोटी ३० लाख सदस्य होते. नेथन मटायस या संशोधकाने तिथल्या २,१९० चर्चांपैकी काहींच्या वर गटाचे नियम ठळकपणे लावले आणि काहींच्या वर लावले नाहीत. कुठे लावायचे ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. जिथे नियम दिसत होते तिथे नवख्यांचं नियम पाळण्याचं प्रमाण ८ टक्के बिंदूंहून जास्त वाढलं. पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट: त्या चर्चांमध्ये नवख्या माणसांचा सहभाग सरासरी ७० टक्क्यांनी वाढला.

नियम वाचून लोक पळून जायला हवे होते ना? ते आत आले. मला याचं कारण असं दिसतं, की इथे आपल्यावर कुणी तुटून पडलं तर मध्ये पडणारं कुणीतरी आहे हे त्यांना आधीच कळलं.

याची दुसरी बाजूही आकड्यांत दिसते. प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेच्या २०१७ च्या अमेरिकेतल्या पाहणीत २७ टक्के प्रौढांनी सांगितलं, की दुसऱ्या कुणाला ऑनलाइन छळलेलं बघून त्यांनी स्वतः काहीतरी लिहायचं टाळलं. या लोकांची पोस्ट कुणी काढली नव्हती, कुणी त्यांना बॅनही केलं नव्हतं. त्यांनी लिहिलंच नाही, त्यामुळे ते कुठल्याच हिशेबात येत नाहीत.

पण सगळं मॉडरेशन चांगलं असंही मी म्हणणार नाही. चांगली लिहिणारी माणसं एका डिलीटनंतर कायमची निघून गेलेली मी पाहिली आहेत. तेव्हा प्रश्न असा: कुठल्या प्रकारचं मॉडरेशन माणसाला गप्प करतं आणि कुठलं बोलतं करतं? स्वतःचा अनुभव असेल तर जरूर लिहा. मात्र प्लॅटफॉर्मची किंवा व्यक्तींची नावं घेऊन तक्रारी मांडू नका, त्यात धागा भरकटतो.

रातकिडा

असहमत, आणि जोरात असहमत.

नियम ठळक लावणं वेगळं आणि माणसांच्या पोस्टी उडवणं वेगळं. तुमचा प्रयोग पहिल्याबद्दल आहे. नियम लावायला माझी हरकत नाही. माझा प्रश्न आहे की उडवायचं काय ते ठरवतं कोण?

सप्टेंबर २०१६ आठवा. व्हिएतनाम युद्धातला नापाम हल्ल्यातून पळणाऱ्या मुलीचा फोटो. पुलित्झर मिळालेला, जगाने पाहिलेला. फेसबुकने तो नग्नतेच्या नियमाखाली काढला. नॉर्वेच्या एका लेखकाने टाकला होता, त्याचं खातं थांबवलं. मग तिथल्या आफ्टेनपोस्टेन वृत्तपत्राच्या संपादकाने पहिल्या पानावर जाहीर पत्र लिहिलं, पंतप्रधानांनी तो फोटो टाकला, तर त्यांचीही पोस्ट काढली! शेवटी कंपनीने माघार घेतली.

इतका गाजावाजा झाला म्हणून फोटो परत आला. ज्याच्या पाठीशी वृत्तपत्र नाही, पंतप्रधान नाही, त्याचं काय? तो दुसऱ्या दिवसापासून लिहिणं बंद करतो. तुमच्या २७ टक्क्यांत यांचीही भर घाला. त्यांनाही कुणी मोजत नाही.

पायवाट

रातकिडा, तुमचा मुद्दा पटतो. पण मी दुसऱ्या बाजूने आलेली आहे, म्हणून लिहिते.

मी एका सार्वजनिक प्लॅटफॉर्मवर माझ्या व्यवसायातल्या विषयावर नियमित लिहायचे. तांत्रिक विषय होता, वादाचं काही नव्हतं. एका पोस्टवर कुणीतरी माझ्या दिसण्यावर लिहिलं, मग दुसऱ्याने, मग ओळीने सगळे. मी रिपोर्ट केलं. उत्तर आलं की हे आमच्या नियमांचं उल्लंघन करत नाही. एवढंच. कुठला नियम तपासला, कुणी तपासला, काही नाही. त्यातल्या काहींनी ते उत्तर म्हणजे परवानगीच मानली आणि मग ते माझ्या इतर पोस्टींवर आले.

मी खातं बंद केलं नाही, आजही रोज वाचते. कंपनीच्या हिशेबात मी 'सक्रिय वापरकर्ती' असेन. फक्त लिहीत नाही.

मला गप्प त्या शिव्यांनी केलं नाही असं आता वाटतं. शिव्या देणारे भेटतातच. मी दाद मागितली आणि समोर कुणीच नव्हतं, त्याने केलं.

अनाम_वाचक

पायवाट यांना +१. मीही वाचनमात्र आहे, कारण जवळपास तेच.

तळटीप

इथे तीन-चार वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळल्या जात आहेत. उपलब्ध अभ्यासांत त्या बऱ्यापैकी सुट्या केलेल्या आहेत.

पहिली, आख्खे गट बंद करणं. रेडिटने २०१५ मध्ये लठ्ठ लोकांची टवाळी करणारा एक मोठा गट आणि वंशद्वेषी गट बंद केले. ईश्वर चंद्रशेखरन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. अपेक्षेपेक्षा जास्त खाती निष्क्रिय झाली, म्हणजे सहभाग घटला हे खरं. पण जे राहिले त्यांच्या लिखाणातली द्वेषाची भाषा किमान ८० टक्क्यांनी कमी झाली, आणि ते ज्या इतर गटांत गेले तिथे द्वेषाचं प्रमाण लक्षणीयरीत्या वाढलं नाही. घाण दुसरीकडे सरकते, हा नेहमीचा आक्षेप निदान त्या प्लॅटफॉर्मच्या आत खरा ठरला नाही.

प्लॅटफॉर्मच्या बाहेर चित्र वेगळं आहे. ओर्ता रिबेरो आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये रेडिटवरून हटवल्यावर स्वतःच्या संकेतस्थळावर गेलेल्या दोन गटांचा माग काढला. दोन्हीकडे माणसं, पोस्टी आणि नवे येणारे कमी झाले. मात्र त्यातल्या एका गटात, डोनाल्ड ट्रम्प समर्थकांच्या, जे उरले त्यांची भाषा आणखी विषारी झाली. गट लहान झाला आणि जास्त कडवा झाला. हे यश म्हणायचं की अपयश, ते तुम्ही काय मोजता त्यावर आहे.

दुसरी गोष्ट, सुटी पोस्ट काढणं आणि कारण देणं. शगुन झावर, एमी ब्रुकमन आणि एरिक गिल्बर्ट यांनी २०१९ मध्ये रेडिटवरच्या ३ कोटी २० लाख पोस्टींचा अभ्यास केला. ज्यांना पोस्ट काढल्याचं कारण सांगितलं गेलं, त्यांच्या पुढच्या पोस्टी काढाव्या लागण्याची शक्यता कमी झाली. झावर यांच्याच त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात, पोस्ट काढली गेलेल्या ९०७ जणांना विचारलं होतं. ज्यांनी नियम वाचले होते किंवा ज्यांना कारण मिळालं होतं, त्यांना ती कारवाई न्याय्य वाटण्याची आणि त्यांनी पुन्हा लिहिण्याची शक्यता जास्त होती.

पायवाट यांनी जे लिहिलं ते याच्याशी तंतोतंत जुळतं. फरक इतकाच, की त्या तक्रारदार होत्या आणि अभ्यासातली माणसं कारवाई झालेली. दोघांनाही उत्तर हवं होतं.

रातकिडा

तळटीप, "काय मोजता त्यावर आहे" हे वाक्य फार पटकन ओलांडून गेलात. तिथेच तर सगळं अडतं. कंपनी मोजते ते कंपनीच्या सोयीचं.

आणि कारण देण्याबद्दल: "आमच्या सामुदायिक मार्गदर्शक तत्त्वांचं उल्लंघन" हे कारण नव्हे. ते पाटीवरचं वाक्य आहे.

तळटीप

मान्य. झावर यांच्या अभ्यासात कारण म्हणजे त्या गटाच्या मॉडरेटरने किंवा त्यांच्या स्वयंचलित साधनाने त्या पोस्टबद्दल दिलेलं कारण. सरसकट पाटी लावून तोच परिणाम मिळेल असं कुणी म्हणू नये.

अजून एक भर. चेंग, दानेस्कू-निकुलेस्कू-मिझिल आणि लेस्कोव्हेक यांचा २०१४ चा अभ्यास चार मोठ्या बातमी-संकेतस्थळांच्या प्रतिक्रियांवर होता. इतर वाचकांनी उणे मतं दिल्यावर लेखक सुधारतात का, हे त्यांनी पाहिलं. सुधारले नाहीत. ज्यांना उणे मतं मिळाली ते आणखी जास्त लिहू लागले आणि त्यांचं लिखाण आणखी वाईट झालं, शिवाय तेही इतरांना जास्त उणे मतं देऊ लागले. आणि सगळ्यात जास्त सोडून कोण गेलं? ज्यांना कसलाच प्रतिसाद मिळाला नाही ते.

म्हणजे गर्दी आपोआप शिस्त लावेल, मॉडरेटर कशाला, या युक्तिवादाला इथे फारसा आधार मिळत नाही.

उंबरठा

मी विकिपीडियावर बरीच वर्षं संपादन करतो. सोशल मीडिया नव्हे, पण या प्रश्नाचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण तिथेच सापडेल.

इंग्रजी विकिपीडियावरच्या सक्रिय संपादकांची संख्या २००७ पर्यंत झपाट्याने वाढली आणि मग घसरू लागली. हॅलफेकर, गायगर, मॉर्गन आणि रीडल यांनी २०१३ मध्ये याची कारणं शोधली. विकिपीडिया लोकप्रिय झाला तसे खोडसाळ बदल प्रचंड वाढले. त्यांना आवरायला बॉट, म्हणजे आपोआप काम करणारे प्रोग्राम, आणि एका क्लिकवर बदल उलटवणारी साधनं आली. खोडसाळपणा खरोखर आटोक्यात आला. पण त्याच जाळ्यात चांगल्या हेतूने आलेले, फक्त पद्धत माहीत नसलेले नवखेही सापडू लागले. पहिलाच बदल उलटवला गेलेला माणूस परत येईना. जुने होते ते राहिले, नवे टिकेनात.

हे मी स्वतः पाहिलं आहे. एखाद्या विषयातला जाणकार येतो, तीन चांगले परिच्छेद लिहितो, संदर्भ द्यायचा असतो हे त्याला ठाऊक नसतं. काही क्षणांत त्याचं लिखाण गायब होतं आणि त्याच्या पानावर एक साचेबद्ध इशारा येऊन पडतो. त्या इशाऱ्यात एकही चूक नसते, सगळं नियमाला धरून असतं. पण तो माणूस गेलेला असतो.

यावर २०१२ मध्ये 'टीहाउस' नावाची जागा सुरू झाली. नवख्यांनी प्रश्न विचारायचे आणि अनुभवी संपादकांनी सौजन्याने उत्तरं द्यायची. तिथे येण्याचं आमंत्रण मिळालेले नवखे आमंत्रण न मिळालेल्यांपेक्षा जास्त प्रमाणात टिकले, असं पुढच्या अभ्यासात दिसलं. नियम तेच होते, एकही सैल केला नव्हता. बाजूला एक बोलणारा माणूस आला.

कोरा_कागद, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे. पहिल्या चुकीला काय होतं, त्यावर माणूस राहणार की जाणार हे ठरतं. दहाव्या चुकीला काहीही करा.

शून्यप्रहर

सगळे डिलीट आणि बॅनबद्दलच बोलत आहेत. मी व्हिडिओ करतो. आमच्या क्षेत्रात पोस्ट काढली गेली तर एका अर्थाने बरं, निदान कळतं तरी. भीती वाटते ती पोस्ट जागेवर असूनही कुणालाच न दिसण्याची. शॅडोबॅन म्हणा, पोच कमी करणं म्हणा. कारण नाही, सूचना नाही, अपील कशाविरुद्ध करायचं तेही माहीत नाही.

हा माझ्या मनाचा खेळ नाही. डिसेंबर २०१९ मध्ये जर्मनीच्या नेत्सपोलिटिक या संकेतस्थळाने टिकटॉकचे अंतर्गत नियम उघड केले होते. अपंग, चेहऱ्यावर व्यंग असलेल्या आणि अशाच इतर वापरकर्त्यांच्या व्हिडिओंची पोच मुद्दाम मर्यादित ठेवली जात होती. हेतू काय, तर त्यांची टवाळी होऊ नये! कंपनीने हे मान्य केलं, तो तात्पुरता उपाय होता आणि तो चुकीचा होता असं सांगितलं.

ज्यांना त्रास होऊ शकतो त्यांनाच लपवायचं. पायवाट यांच्या बाबतीत त्रास देणाऱ्यांना मोकळं सोडलं, इथे त्रास होणाऱ्यांना झाकून ठेवलं. दोन्हीकडे गप्प कोण झालं ते बघा.

आणि याचा भाषेवर परिणाम होतो तो वेगळाच. कुठला शब्द यंत्राला खटकेल याचा अंदाज नसल्यामुळे लोक शब्दच बदलतात. आत्महत्या, लैंगिक अत्याचार, कर्करोग याबद्दल बोलणारे लोक अक्षरांच्या मध्ये चिन्हं घालतात, सांकेतिक शब्द वापरतात. ज्याला मदत हवी आहे तो खरा शब्द टाकून शोधतो आणि त्याला ते व्हिडिओ सापडतच नाहीत. आत्महत्येबद्दल शांतपणे, जबाबदारीने बोलणारी माझी एक सहकारी शेवटी त्या विषयावरचं काम सोडून गेली.

कोरा_कागद

शून्यप्रहर, हे आमच्या गटात अगदी रोज घडतं. शरीराच्या अवयवांची नावं घेतल्याशिवाय आजाराबद्दल बोलणार कसं? ऑक्टोबर २०२० मध्ये ब्राझीलमधल्या एका बाईंनी स्तनाच्या कर्करोगाची लक्षणं दाखवणारी पोस्ट इन्स्टाग्रामवर टाकली होती. नग्नतेच्या नियमाला वैद्यकीय जागृतीचा अपवाद लिहिलेला होता, तरी यंत्राने ती काढली. प्रकरण ओव्हरसाइट बोर्डाकडे, म्हणजे फेसबुक आणि इन्स्टाग्रामचे असे निर्णय पुन्हा तपासणाऱ्या स्वतंत्र मंडळाकडे गेलं. कंपनीने चूक मान्य करून पोस्ट परत ठेवली होती, तरी बोर्डाने जानेवारी २०२१ मध्ये त्यावर निर्णय दिला आणि माणसाची पुरेशी देखरेख नसलेल्या यंत्रावर बोट ठेवलं.

स्तनाच्या कर्करोगाची लक्षणं वेळेत ओळखणं म्हणजे जीव वाचणं. तिथे हे घडलं. म्हणून 'थोडंफार चुकीने उडतंच' असं कुणी म्हणालं की मला फार वाईट वाटतं.

सरळ_रेषा

यावर सोपा उपाय आहे आणि तो कुणी बोलत नाही. खऱ्या नावाची सक्ती करा. ओळखपत्राशिवाय खातं नाही. डूआयडी (एकाच माणसाची दुसरी, खोट्या नावाची खाती) संपले की ट्रोल संपले, आणि मॉडरेशनची गरजही निम्मी होईल.

तळटीप

हे एका देशाने करून पाहिलं आहे. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर लिहिण्याआधी ओळख पडताळण्याची सक्ती केली, पुढे २००९ मध्ये ती दिवसाला १ लाखाहून जास्त लोक येतात अशा संकेतस्थळांपर्यंत वाढवली. शिवीगाळ फारशी घटली नाही. उलट ओळखीची माहिती एका जागी साठली आणि २०११ मध्ये तिथल्या एका मोठ्या सेवेतून साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. ऑगस्ट २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदा एकमताने रद्द केला.

पायवाट

सरळ_रेषा, माझ्यावर तुटून पडलेल्यांपैकी बरेच जण स्वतःच्या नावाने, फोटोसकट होते. नावाची त्यांना काडीचीही अडचण नव्हती.

उलट ज्यांना नाव लपवायची गरज असते, ते कोण हेही बघा. घरात मार खाणारी बाई, कामाच्या ठिकाणचा गैरप्रकार सांगणारा माणूस, कोरा_कागद यांच्या गटातले रुग्ण, ज्यांना आपला आजार चारचौघांत कळू द्यायचा नाही. सक्ती केली तर आधी तेच जातील.

सरळ_रेषा

रुग्णांचा विचार मी केला नव्हता. कोरियाबद्दल माहीत नव्हतं. वाचतो.

खडूफळा

एक बाजू राहून गेली आहे, भाषेची.

मोठ्या प्लॅटफॉर्मचं मॉडरेशन इंग्रजीत जसं चालतं तसं इतर भाषांत चालत नाही, आणि याचा सहभागावर दोन्हीकडून परिणाम होतो. गंभीर उदाहरण म्यानमारचं. तिथे रोहिंग्यांविरुद्ध फेसबुकवर वर्षानुवर्षं द्वेष पसरवला जात होता आणि कंपनीकडे बर्मी भाषा जाणणारे तपासणीस अगदी थोडे होते. आपण पुरेसं केलं नाही, हे कंपनीने २०१८ मध्ये मान्य केलं. तोवर हजारो माणसं मारली गेली होती आणि लाखो देश सोडून गेली होती. ती माणसं मुळात बोलण्याच्याच जागेवरून हाकलली गेली.

हे टोकाचं झालं. रोजच्या पातळीवर असं दिसतं: लोक एकाच वाक्यात दोन-तीन भाषा मिसळतात, आपली भाषा परक्या लिपीत लिहितात, शुद्धलेखन ज्याचं त्याचं. यंत्राला यातलं उपहास कोणता आणि धमकी कोणती हे कळत नाही. बोलीतली जिव्हाळ्याची शिवी उडते आणि अत्यंत सभ्य शब्दांत लिहिलेलं जातिवाचक विष तसंच राहतं. कारण त्या विषाला संदर्भ लागतो, आणि तो त्या समाजात राहणाऱ्यालाच कळतो.

मी शिकवतो, विद्यार्थ्यांशी यावर बोलणं होतं. स्वतःच्या भाषेत लिहिलेलं का उडालं हे कळत नाही, म्हणून मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांचं मराठी लिखाण त्यांच्या इंग्रजीपेक्षा कितीतरी सरस आहे.

पडद्यामागे

बराच वेळ वाचतो आहे. मी एका मोठ्या प्लॅटफॉर्मसाठी कंत्राटावर हे काम केलं आहे. करारामुळे नाव-गाव लिहिणार नाही.

तुम्हाला कारण हवं असतं, मला ते समजतं. पण समोर जे येतं ते किती वेळात निपटायचं असतं, हे बाहेरून कळत नाही. एक पोस्ट, काही सेकंद, निर्णय, पुढची. मागचापुढचा धागा बऱ्याचदा दिसत नाही. पायवाट, तुमची तक्रार कदाचित माझ्यासारख्याच कुणापुढे गेली असेल. त्याला ती एक ओळ दिसली असेल, त्याच्या आगेमागे शंभर जणांनी तेच लिहिलंय हे दिसलं नसेल. एकेक ओळ सुटी पाहिली तर नियमात बसतेही. झुंडीने केलेला छळ असा सुटा सुटा तपासला की हरवतो. ही माझ्या मते या यंत्रणेतली सगळ्यात मोठी त्रुटी आहे.

आणि दिवसभर जे बघावं लागतं, त्याबद्दल इथे लिहीत नाही. मे २०२० मध्ये फेसबुकने अमेरिकेतल्या मॉडरेटरांच्या मानसिक आजारांबद्दलच्या दाव्यात ५ कोटी २० लाख डॉलर द्यायचं मान्य केलं, त्यावरून काय ते समजा.

मग सगळं यंत्रावर सोपवा, असं कुणी म्हणेल. तेही झालं आहे. २०२० मध्ये महामारीमुळे तपासणीस घरी गेले तेव्हा यूट्यूबने यंत्राला जास्त मोकळीक दिली. एप्रिल ते जून या तिमाहीत १ कोटी १० लाखांहून जास्त व्हिडिओ काढले गेले, आधीच्या तिमाहीच्या जवळपास दुप्पट. अपिलानंतर परत ठेवलेल्या व्हिडिओंची संख्या ४१ हजारांवरून १ लाख ६० हजारांवर गेली. पुढे त्यांनी पुन्हा माणसांवर भर वाढवला. आणि हे फक्त ज्यांनी अपील केलं त्यांचं. बाकीच्यांनी केलंच नाही.

रातकिडा

पडद्यामागे, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. छळ सुटा सुटा तपासला की हरवतो, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

माझी भूमिका थोडी स्पष्ट करतो. शिवीगाळ, धमक्या, झुंडी यांना आवर घालायला माझा कधीच विरोध नव्हता. मला भीती आहे ती उत्तरदायित्व नसलेल्या ताकदीची. म्हणून युरोपीय संघाचा डिजिटल सेवा कायदा मला योग्य दिशेचा वाटतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो तिथल्या सगळ्या प्लॅटफॉर्मना लागू आहे. पोस्ट काढली, खातं थांबवलं किंवा पोच कमी केली, तरी कारण द्यावं लागतं. शून्यप्रहर, पोच कमी करणंसुद्धा त्यात आलं. सहा महिने तक्रार करता येते आणि तिचा निकाल निव्वळ यंत्राने देऊन चालत नाही. तक्रारदाराचं रिपोर्ट फेटाळलं तर त्यालाही दाद मागता येते, म्हणजे पायवाट यांचीही बाजू त्यात आहे.

दुसरं, एक्सवरची (पूर्वीच्या ट्विटरवरची) कम्युनिटी नोट्स, म्हणजे वापरकर्त्यांनीच पोस्टखाली लिहायच्या टिपा. २०२१ मध्ये ट्विटरने 'बर्डवॉच' नावाने ती सुरू केली. एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या लोकांना एखादी टीप उपयुक्त वाटली, तरच ती सगळ्यांना दिसते. पोस्ट जागेवर राहते, तिच्याखाली माहिती येते. चुकीच्या माहितीसाठी मला हे काढून टाकण्यापेक्षा बरं वाटतं.

पायवाट

चुकीच्या माहितीसाठी, हो. छळासाठी नाही. माझ्या फोटोखालच्या घाणीखाली कुणी तळटीप लावून मला काय मिळणार? शिवाय टीप मान्य होईपर्यंत जो वेळ जातो, त्यात झुंडीचं काम होऊन गेलेलं असतं.

रातकिडा

बरोबर. छळाला ते औषध नाही.

उंबरठा

स्वयंसेवक मॉडरेटरांबद्दलही एक आकडा इथे हवा. ली, हेख्ट आणि चॅन्सेलर यांच्या २०२२ च्या अभ्यासात, रेडिटवरचे विनामोबदला मॉडरेटर मिळून दिवसाला किमान ४६६ तास काम करतात असा अंदाज काढला होता. जून २०२३ मध्ये कंपनीने बाहेरच्या अ‍ॅपना लागणाऱ्या जोडणीसाठी जबर शुल्क लावलं, तेव्हा याच लोकांनी हजारो गट काही दिवस बंद ठेवले. त्यांची बरीचशी मॉडरेशनची साधनं अशाच बाहेरच्या अ‍ॅपवर चालायची.

सहभाग म्हणताना आपण लिहिणाऱ्यांचाच विचार करतो. सांभाळणारेही सहभागीच असतात. कोरा_कागद यांच्यासारखी माणसं थकून गेली, तर तो गट किती दिवस टिकेल?

कोरा_कागद

उंबरठा, थकवा येतो. पण मागच्या आठवड्यात एका सदस्याने लिहिलं की निदान झाल्यापासून पहिल्यांदा इथेच मोकळेपणी विचारता आलं. तो थकवा मग सहन होतो.

धागा वाचून मी आणि माझ्या सहकारी मॉडरेटरांनी काही गोष्टी ठरवल्या आहेत, इथेच मांडते म्हणजे खाचखळगे दाखवता येतील. नियम प्रत्येक चर्चेच्या वर दिसतील. पहिल्या चुकीला पोस्ट काढली, तर त्या माणसाला मॉडरेटरपैकी एक जण स्वतःच्या शब्दांत लिहील की नेमकी कुठली ओळ खटकली आणि काय बदललं तर पोस्ट परत घेता येईल. काढणारा आणि अपील बघणारा एकच नसेल. कुणी छळाची तक्रार केली तर फक्त ती ओळ न बघता त्या सदस्यावर त्या दिवशी आणखी कोण काय लिहितंय ते सगळं वाचायचं, हे पडद्यामागे यांच्याकडून घेतलं.

एका ठिकाणी आमच्यात एकमत होत नाही. खोट्या उपचारांची जाहिरात करणाऱ्या पोस्टी. उघड जाहिरात आम्ही लगेच काढतो. पण एखादा हताश नातेवाईक खरोखर विचारतो, "अमुक उपचाराने बरं होतं असं ऐकलं, खरं का?" प्रश्न ठेवला तर त्या उपचाराचं नाव पसरतं. काढला तर तो माणूस दुखावतो, आणि मग जिथे त्याला कुणी अडवणार नाही अशा ठिकाणी जाऊन विचारतो.

पडद्यामागे

प्रश्न ठेवा. उपचाराचं नाव शीर्षकात असेल तर शीर्षक बदलायला सांगा, म्हणजे शोधणाऱ्याला ते जाहिरातीसारखं सापडणार नाही. आणि पहिलं उत्तर मॉडरेटरचं किंवा जाणकार सदस्याचं असू द्या, वर खिळवून ठेवलेलं. आमच्याकडे अशा पोस्टी सरसकट उडायच्या आणि तीच माणसं दुसऱ्या दिवशी विकणाऱ्यांच्या गटांत दिसायची.

पायवाट

यात एवढंच वाढवा: त्याला हसणारे प्रतिसाद लगेच काढा. "इतकं पण कळत नाही का" हे एक वाक्य पुरतं. तो तर जाईलच, आणि तोच प्रश्न मनात असलेले आणखी कितीतरी जण विचारणार नाहीत.

कोरा_कागद

दोन्ही घेतलं. शीर्षक बदलण्याचं आजच नियमांत लिहिते. हसणाऱ्या प्रतिसादांबद्दलचा नियम कसा शब्दबद्ध करायचा ते अजून सुचत नाहीये. मसुदा झाला की याच धाग्यावर टाकते, रातकिडा, तुम्ही तो आधी वाचा. कुठे जास्त ताणलं गेलंय ते तुम्हाला लवकर दिसेल.

रातकिडा

टाका. वाचतो.